‘गळेकापू’ : वाक्यात उपयोग करा

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, क्लास सुरू. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन महिने ठोकाठोक चालली होती ती कशाची ते आज कळलं. क्लासच! काचेची दारं, एसी, आणि रस्त्यावर येईल एवढा बॅनर. ‘गळेकापू स्पर्धेच्या युगात तुमचं मूल मागे का?’ खाली गेल्या वर्षीच्या हुशार मुलांचे फोटो. त्यातला दुसरा फोटो आमच्या पार्थचा. आठवीपासून आमच्याकडे शिकलेला पोरगा. शेवटचे पंधरा दिवस त्यांच्या ठाण्याच्या शाखेत फुकट पेपर सोडवायला गेला म्हणे. झाला त्यांचा.

राजवाडकर सर (यापुढे रा., एवढं लांब नाव रोज कोण लिहील) खिडकीशी उभे राहून बराच वेळ बघत होते. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्याच हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही दोघांनी सुरू केलेला हा क्लास. त्यांचं गणित-विज्ञान, माझं मराठी. दारावर पाटीसुद्धा नव्हती.

“विनया, शब्द चांगलाय. गळेकापू. आपल्या पत्रकात टाकूया.”

“सर, शिवी आहे ती.”

“आता नाही राहिली.”

चहा न घेताच वर्गावर गेले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निवडक बॅच. म्हणजे दहावीतली पंधरा हुशार पोरं, ज्यांच्या जिवावर क्लासचं नाव चालतं. म्हटलं, तो शब्द रोज डोळ्यांसमोर लटकतोच आहे तर घेऊया. ‘गळेकापू’, वाक्यात उपयोग करा.

नऊ जणांचं एकच वाक्य, आजचे युग हे गळेकापू स्पर्धेचे युग आहे. सरळ बॅनरवरून उचललेलं.

एकाचं: माझे बाबा म्हणतात, थोडं गळेकापू व्हायलाच लागतं.

एकाचं: आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गळेकापू आहेत. (एकट्यालाच कळलाय शब्द.)

फळ्यावर समास सोडवला. गळे कापणारा तो गळेकापू, खिसे कापणारा तो खिसेकापू. मुलगा असो, मुलगी असो, स्पर्धा असो, शब्द बदलत नाही. मागून कोणीतरी, “मिस, गळे का? गळा का नाही?” म्हटलं, कोशात बघून सांगते. दुसरा म्हणाला, “एकावर थांबत नाही ना तो.” बरोबरच असावं.

दुसऱ्या बाकावर तन्वी आणि ईश्वरी. ह्या दोघी पाचवीपासून चिकटलेल्या, डबा एक, छत्री एक. तन्वी बोलते, ईश्वरी लिहिते. तन्वीने विचारलं, “मिस, खिसेकापूला पोलीस पकडतात. गळेकापूला?” ईश्वरी मान वर न करता म्हणाली, “त्याचा फोटो लावतात.” सगळा वर्ग हसला. मीही.

घरी येऊन कपाटातला जुना जाडजूड कोश काढला. गळेकापू: गळा कापणारा, दगलबाज, विश्वासघातकी. स्पर्धेचं नावही नाही. सासूबाईंना विचारलं, तुमच्या गावी हा शब्द होता का?

“होतो तर! तुझ्या चुलतसासऱ्याक म्हणत सगळे. आठ दिस आमच्याकडे र्‍हवलो, पेज जेवलो, पोरांका खेळवल्यान, आणि सातबाऱ्यावरसून तुझ्या सासऱ्याचा नाव काढल्यान.”

पन्नास वर्षं झाली असतील. ते आठ दिवस मात्र अजून मोजून सांगतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

वर्ग सुटल्यावर ईश्वरी रेंगाळली. तन्वीला म्हणाली, तू हो पुढे, मला निबंध दाखवायचाय. निबंध नव्हताच. समोरच्या क्लासवाल्यांनी तिच्या आईला फोन केलाय. प्रिलिमपर्यंत दर रविवारी बोर्डासारखा पूर्ण पेपर, फुकट.

“मी क्लास सोडत नाहीये, मिस. फक्त रविवार. पण सरांना आवडणार नाही ना? आणि तन्वीला नाही बोलावलं त्यांनी. तिला कसं सांगू? तुम्ही कोणाला सांगू नका हं.”

म्हटलं, पेपर सोडवल्याने कोणाचं वाईट होत नाही. आईशी बोल आणि जा. तन्वीला तूच सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नको.

हलकी होऊन गेली. तिची आई घाटकोपरला एका लॅबमध्ये कामाला, सकाळी सातला बाहेर पडते. पोरीने एकटीने बसून विज्ञानाच्या दोन आणि भूमितीची एक अशा तीन वह्या तयार केल्यात. आकृत्या स्वतः काढलेल्या, समासात बारीक अक्षरात स्वतःचे प्रश्न. त्या बघितल्या की मला पुन्हा दहावीला बसावंसं वाटतं, आणि मला तर विज्ञानात पस्तीस होते.

पोरं मला येऊन सांगतात. अठरा वर्षांत काय कमावलं असं कोणी विचारलं तर हे सांगेन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बॅचमधली तीन मुलं गेली समोर. दोघांनी कळवलंसुद्धा नाही, एकाच्या वडिलांचा मेसेज, ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग’, खाली हात जोडलेले.

दुपारी रा. आणि मी चहाला बसलो. म्हणाले, “म्हातारे झालो आपण, विनया. उद्या आपल्या दारात त्यांचा बॅनर लागेल.” खांदे पडलेले. वाईट वाटलं. “ईश्वरी तरी राहील ना?” म्हटलं, राहील हो, ती कुठे जातेय, फक्त रविवारचे पेपर द्यायला जाईल म्हणतेय, तेवढंच. ते “हं” म्हणाले. बिस्कीट चहात पडलं त्यांचं, चमच्याने काढत बसले.

धीर द्यायला गेले होते. नंतर जिन्यात वाटलं, बोलायला नको होतं. पण सर आहेत, परके थोडेच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रा.नी अख्ख्या बॅचच्या वह्या गोळा केल्या, तपासायला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मुलं चकित. मीही. बरं वाटलं, माणूस पुन्हा उभारी धरतोय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वह्या परत मिळाल्या. सगळ्यांच्या. ईश्वरीच्या तिन्ही नाहीत.

गठ्ठा पुन्हा पाहिला. बाकांखाली, खिडकीत, पंख्याच्या खोक्यामागे. ईश्वरी गुडघ्यांवर बसून फरशी शोधत होती, जशी काही वही सुईएवढी असते. प्रिलिमला सहा आठवडे. रा. आले, कपाळाला आठ्या.

“अरे, गठ्ठ्यात होत्या की. मी स्वतः तपासल्या. वाटल्या कोणी?”

वाटल्या होत्या तन्वीने. तिला आवडतं ते काम, नावं मोठ्याने वाचत वाटते.

रा. “अच्छा” म्हणाले. बस. एवढंच. पण म्हणताना तन्वीकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं लिहवत नाही, पण लिहिते.

तन्वी वर्गात आली, बसली नाही. थेट पुढे माझ्या टेबलाशी आली आणि दप्तर उलटं केलं. कोणी मागितलं नव्हतं. पुस्तकं, कंपास, पाण्याची बाटली, कोथिंबीर लागलेला डबा, सॅनिटरी पॅडचं पाकीट. मागे कोणीतरी फिस्कन हसलं. ती म्हणाली, “बघा. बघून घ्या सगळ्यांनी.”

ईश्वरी आपल्या जागी बसून होती. बघितलं तिने सगळं.

मी सामान भरायला गेले तर तन्वीने माझा हात बाजूला केला. एकेक वस्तू स्वतः भरली. पाकीट सगळ्यात शेवटी, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

हसणारा कोण ते मला कळलं. वर्गाबाहेर काढला. त्याने काय होणार!

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोघी आता वेगळ्या बसतात. तन्वी पहिल्या बाकावर एकटी. शेजारची जागा मोकळी, कोणी जाऊन बसतही नाही.

वाक्यांचा गृहपाठ तपासला. ईश्वरीचं तिसरं वाक्य: ‘जिला मी माझी सगळी गुपिते सांगितली त्या माझ्या मैत्रिणीने माझ्या वह्या पळवल्या, ती गळेकापू निघाली.’ शुद्धलेखन अचूक, स्वल्पविराम जागच्या जागी, शब्दाचा अर्थही कोशातला. ह्या वाक्याला बरोबरची खूण कशी करू? वही तशीच मिटली.

बाहेर बोलावून विचारलं, इतकी खात्री कशी गं?

“शुक्रवारी मी तिला समोरच्या क्लासचं सांगितलं, मिस. तुम्हीच म्हणालात ना सांग म्हणून. ती काहीच बोलली नाही, नुसतं ‘छान’ म्हणाली. आणि पुढच्या गुरुवारी वह्या गेल्या. अजून कोणाला माहीत होतं? तुम्ही आणि ती.”

मला काहीतरी आठवायला हवं होतं त्या क्षणी. नाही आठवलं. की आठवलं आणि मी…

तिच्या आईचा फोन. तन्वीच्या आईला जाब विचारू का? म्हटलं नको, थांबा. का थांबा ते सांगता आलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वह्या सापडल्या.

रा. झेरॉक्सला गेले होते. मला जुना सराव पेपर हवा होता, तो त्यांच्या केबिनच्या कपाटात. किल्ली नेहमीसारखी ड्रॉवरमध्ये. खालच्या खणात नव्या पत्रकांचा गठ्ठा, ‘गळेकापू स्पर्धेत आम्ही तुमच्या सोबत’, अजून शाईचा वास. त्याखाली पिशवीत गुंडाळलेल्या तीन वह्या. पहिल्या पानावर ईश्वरीने काढलेलं पेशीचं चित्र, हिरव्या पेन्सिलीने रंगवलेलं.

मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले. रा. आले. बघितलं. दार लावून घेतलं.

“तिथे जाऊन ती आपलंच शिकलेलं ओकणार. आणि फोटो त्यांच्या बॅनरवर. पार्थचं झालं तसं.”

“सर, तिने हाताने लिहिल्यात ह्या.”

“शिकवलं कोणी?”

“प्रिलिम आलीये तिची.”

“देणारच होतो. जानेवारीत. जाऊन बघू दे जरा, आपल्याशिवाय काय होतं ते.”

“आणि तन्वी?”

“तन्वीचं काय? मी फक्त विचारलं, वाटल्या कोणी. मी तिला काही म्हणालो?”

हे ते डोळ्याला डोळा देऊन म्हणाले. अठरा वर्षं ज्या माणसाच्या डब्यातली आमटी मी खाल्ली तो माणूस. उठले तर म्हणाले,

“आणि सोवळेपणा नको दाखवूस, विनया. मला सांगितलं कोणी, ईश्वरी समोर जातेय म्हणून?”

वह्या पर्समध्ये मावेनात. छातीशी धरून बाहेर पडले. रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला घरी येईपर्यंत कोणाकडे बघितलं नाही. आल्या आल्या साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. नवऱ्याने, प्रकाशने विचारलं काय झालं, म्हटलं खडू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ईश्वरीच्या घरी. वह्या हातात दिल्यावर तिने आधी उघडून सगळी पानं आहेत का बघितलं, मग मला मिठी मारली. कुठे होत्या? मी म्हटलं, स्टाफरूमच्या कपाटामागे पडल्या होत्या. रस्त्याने हेच घोकत गेले होते.

ती मागे सरली. माझ्याकडे बघत राहिली.

“तुम्ही तिला वाचवताय ना, मिस? घाबरून तिनेच ठेवल्या असणार तिथे.”

“नाही गं.”

“मग कपाटामागे कशा जातील तीन वह्या?”

आईने आज मुद्दाम सुट्टी टाकली होती. शिरा केला होता माझ्यासाठी, केळं घालून. तुमच्यासारख्या शिक्षिका मिळाल्या, नशीब पोरीचं, वगैरे. मी खाल्ला. दुसऱ्यांदा वाढला तोही खाल्ला. तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून खात राहिले.

किळस येते. रा.ची येत होती काल, ते सोपं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रकाशला सगळं सांगितलं. तो बोंबील साफ करत होता.

“मग सांगून टाक ना सरळ. सरांनी घेतल्या म्हणून.”

“त्यांना कसं कळलं ते विचारेल ती.”

“मग सांग, मी सांगितलं.”

“सोपं वाटतंय तुला.”

“सोपं नाही म्हणत. सांग म्हणतोय.”

नंतर साडेअकराला एक फोन. गोड आवाजाची मुलगी, समोरच्या क्लासमधून. “मॅम, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. तुमची बॅच घेऊन आलात तर आम्हाला आवडेल.” बॅच घेऊन. पिशवीत घालून आणायची आहेत जशी पोरं. मी फोन ठेवला.

ठेवण्याआधी विचारलं, वेळ काय असते तुमच्याकडे. हेही लिहायला हवं. विचारलं मी.

२ डिसेंबर, मंगळवार

तन्वी आठवडाभर आली नाही. भाजीवाल्याकडे तिची आई भेटली. मला टाळून जात होती, मीच हाक मारली.

“तिला आता यायचं नाही मिस क्लासला. शाळेतपण कळलंय. पेन हरवलं तरी तिच्याकडे बघतात. काल म्हणाली, आई, आता खरंच घेऊन टाकू का कोणाचं काहीतरी, म्हणजे निदान…” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तुम्हाला माहितेय ना ती कशी आहे? तुम्ही तर ओळखता तिला.”

हातात मेथीची जुडी. भाजीवाला विचारतोय, देऊ का निवडून. हो म्हटलं, नाही म्हटलं, आठवत नाही. ओळखता म्हणे तिला. चोरीचा ठपका सगळ्यांसमोर बसला पोरीवर आणि मी खरं कपाटामागे टाकून आले.

परवा सांगणार. भर वर्गात. जिथे झालं तिथेच.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

हजेरी घेतली नाही. उभी राहून म्हटलं, ईश्वरीच्या वह्या तन्वीने घेतल्या नव्हत्या. त्या सरांच्या केबिनच्या कपाटात होत्या, मी तिथून काढल्या. ईश्वरीला मी खोटं सांगितलं, कपाटामागे सापडल्या म्हणून. आणि ईश्वरी समोर पेपर द्यायला जाणार हे सरांना मी सांगितलं होतं. तिने मला कोणाला सांगू नका म्हटलं होतं, तरी.

पाच वाक्यं, पण दम लागला. अकरा तोंडं माझ्याकडे वळलेली. मग रा. दारात. त्यांना केबिनमधून ऐकू गेलं असणार. एका मुलाने विचारलं, “सर, खरंय?”

रा. म्हणाले, “आजचा वर्ग संपला. घरी जा.”

खरं नाही असं म्हणाले नाहीत.

मुलं एकमेकांकडे न बघता निघाली. त्या दिवशी हसलेला मुलगा दारापर्यंत जाऊन परत आला. “मिस, तन्वीचा नंबर आहे का?” दिला.

ईश्वरी शेवटी उठली. रडली असती तर बरं झालं असतं.

“तन्वीच्या आधी मी तुम्हाला सांगितलं होतं, मिस.”

“हो.”

“तिला सांगायला घाबरत होते. तुम्हाला नव्हते.”

गेली.

तिथून सरळ तन्वीकडे. दार तिनेच उघडलं. दारातच सगळं सांगितलं, तिच्या आईसमोर. आई रडायला लागली. तन्वी म्हणाली, “सात दिवस लागले तुम्हाला? सत्तावीसला सापडल्या ना?” हो म्हटलं. “ओके,” म्हणाली आणि आत गेली. आईने पाणी विचारलं, नको म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

रा.चा फोन. वाटलं ओरडतील. थकलेला आवाज.

“समाधान झालं? चार पालकांचे फोन आले सकाळपासून. सगळे समोर जातील आता. त्यांचंच काम केलंस तू.”

“सर, तुम्ही एकदा तन्वीच्या घरी जा.”

“जाऊन काय सांगू?”

“जे झालं ते.”

“विनया, समोरचे मुलं उचलतात त्याला धंदा म्हणतात. मी तीन वह्या ठेवल्या तर मी चोर.”

“ते करतात तेही वाईटच आहे सर. पण त्यांनी माझ्यासमोर बसून कधी चहा नाही घेतला.”

म्हणाले, राजीनामा देऊ नकोस, फेब्रुवारीत बोर्ड, उरलेल्या पोरांचं मराठी कोण घेणार. खरं आहे. ह्या माणसाचं काही खरं असावं ह्याचाच राग येतो. नाही म्हणाले नाही मी. हो पण नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

बॅचमध्ये सहाजण उरलेत. मी जाते, शिकवते, येते. रा. आणि मी एका खोलीत असलो की दोघंही खिडकीबाहेर बघतो, आणि खिडकीबाहेर तो बॅनर. आमची पत्रकं गठ्ठ्याने पडून आहेत, वाटली नाहीत. रद्दीत द्या म्हटलं, तर म्हणाले, राहू दे.

ईश्वरी पूर्णवेळ समोर. काचेतून दिसते, पहिल्या बाकावर, मान खाली, लिहितेय. तिच्या आईचा मेसेज: ‘खरे सांगितलेत त्याबद्दल आभार. शिऱ्याच्या दिवशी सांगितले असते तर बरे झाले असते. ईश्वरी सध्या तुमच्याशी बोलणार नाही म्हणते.’ तीनदा वाचला.

एका मुलाने आज विचारलं, मिस, तो शब्द परीक्षेत आला तर वाक्य कोणतं लिहायचं? म्हटलं, तुला जे माहीत असेल ते लिही. पोरगा म्हणाला, “मार्क जातील.”

रा. तन्वीकडे गेलेले नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार

तन्वीच्या आईचा फोन. तिला क्लासला यायचं नाही, कुठल्याच. पण मराठी तुमच्याकडे घरी येऊन शिकेन म्हणते, चालेल का? मी म्हटलं, उद्याच पाठवा. आई म्हणाली, “नाही, रविवारी म्हणाली. तिने ठरवलाय वार.”

१४ डिसेंबर, रविवार

चारला आली. चपला दारात सरळ रेषेत काढल्या. सासूबाईंनी लाडू दिला, तो घेतला. माझ्याकडून पाणी घेतलं नाही.

बसल्या बसल्या म्हणाली, “मी अजून चिडलेय, मिस. तुमच्यावर पण. सरांवर आहे त्यापेक्षा जास्त.”

“चालेल.”

“चालेल काय? मी सांगून ठेवलं.”

मग निबंध. तिचा निबंध कच्चा, मुद्दे भरपूर, जोडता येत नाहीत. विषय दिला, वेळ लावली. खाली मान घालून लिहायला लागली. मी गॅलरीत कपडे काढायला गेले तर खाली, गेटच्या समोर, सायकल धरून ईश्वरी. तीन मजले खाली, तरी ओळखू आली, ती एका पायावर भार देऊन उभी राहते.

आत येऊन सांगितलं.

“माहितेय,” तन्वी. पेन थांबलं नाही. “रोज येते. आमच्या बिल्डिंगखाली उभी असते. आज मागून आली असेल. मी जात नाही खाली.”

“हाक मारू तिला?”

तिने घड्याळाकडे बघितलं, मग कागदाकडे.

“मला अजून दोन परिच्छेद राहिलेत.”

गॅलरीत जाऊन उभी राहिले, सुकलेले कपडे खांद्यावर. ईश्वरीने वर बघितलं, मला बघितलं, नजर वळवली. पण गेली नाही. सायकल स्टँडवर लावली आणि गेटच्या कट्ट्यावर बसली. आत पेनाचा आवाज चालूच होता.